फळ्यावरच्या सूत्रापासून न्यूट्रॉन ताऱ्यापर्यंत

‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान.’ शाळेच्या फळ्यावरचं हे सूत्र न्यूट्रॉन ताऱ्यालाही, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेल्या, मुख्यतः न्यूट्रॉनांच्या दाट गोळ्यालाही, जसंच्या तसं लागू पडतं, म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला. अशा एखाद्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या १.४ पट, त्रिज्या १२ किलोमीटर. मुलांनो, भागाकार करून पाहा: एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ३८ कोटी टन! त्रिज्येचे मीटर करायला विसरलात, तर घनामुळे उत्तर १०० कोटी पटींनी चुकेल.

हा आकडा नेहमी ‘चमचाभर द्रव्याचं वजन इतकं’ असा चमच्यात भरून सांगतात. मला ते पटत नाही. वरचा दाब सुटला की ते द्रव्य क्षणात स्फोट होऊन उधळेल. शिवाय मोकळा न्यूट्रॉन सरासरी १५ मिनिटांत मोडतो, त्यातून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन निघतात. मग ताऱ्यात तो टिकतो कसा? तिथे इलेक्ट्रॉनांच्या कमी ऊर्जेच्या सगळ्या पायऱ्या आधीच भरलेल्या असतात. नव्याला जागाच नसते, म्हणून न्यूट्रॉन मोडू शकत नाही.

वरचं कवच साधारण किलोमीटरभर जाड. त्यात अणुकेंद्रं स्फटिकासारखी रचलेली असतात. घनता घन सेंटिमीटरला ४ लाख टनांच्या पुढे गेली की त्यांच्यातून न्यूट्रॉन ठिबकू लागतात. कवचाच्या तळाशी तर अणुकेंद्रं एकमेकांत मिसळून लांब दोऱ्या होतात, मग पापुद्रे. शास्त्रज्ञ याला चक्क ‘पास्ता’ म्हणतात.

खरा प्रश्न गाभ्याचा आहे: एवढा भार पेलतं कोण? एका अवस्थेत दोन न्यूट्रॉन राहू शकत नाहीत, हा भौतिकशास्त्रज्ञ पाउलीचा नियम दाब निर्माण करतो. पण तेवढ्यावर तारा सूर्याच्या ०.७ पटीपर्यंतच तग धरतो, असं ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मांडलं. २०१० मध्ये एक पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरताना नियमित रेडिओ स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा, वस्तुमानाने जवळजवळ २ सूर्यांएवढा भरला. म्हणजे अगदी जवळ आलेले न्यूट्रॉन एकमेकांना जोरात दूर लोटतात, हा अणुकेंद्रीय बलाचा वाटा हिशेबात धरावाच लागतो. त्यालाही मर्यादा आहे, कारण आइन्स्टाइनच्या सिद्धांतात दाब स्वतःच गुरुत्वाकर्षणात भर घालतो.

आता अडचण अशी की इतक्या घनतेत वरच्या पायऱ्यांवरच्या न्यूट्रॉनांपासून हायपेरॉन नावाचे, न्यूट्रॉनपेक्षा जड कण तयार व्हायला हवेत. ते झाले की ऊर्जेच्या वरच्या पायऱ्या रिकाम्या होतात, दाब ढिला पडतो, आणि २ सूर्यांचा भार पेलवत नाही. तो तारा मात्र आकाशात आहेच.