पेटी कपाटातून बाहेर येईपर्यंत

"ताई, पेटी चांगली आहे. पण पत्र आणलंय का?"

मेळघाटातल्या एका द्विशिक्षकी शाळेच्या ओट्यावर सरांनी हे विचारलं, तेव्हा आमच्या जीपमध्ये बारा शाळांसाठी बारा गणितपेट्या होत्या. शंभर मण्यांची गणितमाळ, दशकाचे दांडे आणि सुटे, खेळातल्या नोटा, चित्रकार्डं असं सगळं वर्षभर राबून तयार केलेलं होतं. पत्र मात्र नव्हतं. चांगलं साहित्य फुकट देतोय, मग परवानगी कशाला, असं आम्हा चौघींना मनापासून वाटत होतं. सरांनी चहा पाजला, पेटी उघडून पाहिली आणि परत दिली. बाराच्या बारा पेट्या घेऊन आम्ही परतवाड्याला उतरलो.

आज मला सरांचं म्हणणं पूर्ण पटतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांच्या हातात काय जातं याला तिथला शिक्षक जबाबदार असतो. बाहेरची माणसं येतात आणि जातात, उत्तर त्याला द्यावं लागतं.

मग रीतसर सुरुवात केली. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या नावाने अर्ज केला. पहिला अर्ज दोन पानांचा होता आणि त्यात आमच्या संस्थेचं कौतुकच जास्त होतं. तो पुढे सरकला नाही, आणि त्याचं कारण आम्हीच होतो. कार्यालयाला हवी असलेली माहिती त्यात नव्हती. कोणत्या शाळा, त्यांचे यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), कोणती इयत्ता, कोणती अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला शेवटी काय यायला हवं, शिक्षकांचे किती दिवस लागणार, मुलांकडून किंवा शाळेकडून पैसे घेणार का, मुलांचे फोटो काढणार का, हे सगळं दुसऱ्या अर्जात एकेका ओळीत लिहिलं. नोंदणी प्रमाणपत्र जोडलं आणि एक भरलेली पेटी नमुना म्हणून ठेवून आलो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडायचं नाही, हेही तेव्हाच शिकलो. आवक क्रमांक नसला तर पुढच्या वेळी अर्ज शोधायचा कसा?

नमुना अभिप्रायासाठी डाएटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे गेला. मला धास्ती वाटत होती, पण साऱ्या धावपळीत सर्वांत मोलाचं काही मिळालं असेल तर ते तिथे. तिथल्या मॅडमनी एकेक कार्ड हातात घेऊन पाहिलं. वजाबाकीच्या एका कार्डावर आई फ्रीजमधून लिंबं काढत होती. "ही आई इथल्या मुलांना कुठे दिसेल?" त्यांनी शांतपणे विचारलं. पुण्यात बसून चित्रं काढताना हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही पडला नव्हता. त्याहून मोठी गोष्ट भाषेची. पहिलीतली बरीच मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, तिचं मराठीशी घराण्याचं नातं नाही. मराठीतलं शाब्दिक उदाहरण अडलं, म्हणजे मुलाला वजाबाकी येत नाही असं होत नाही. आम्ही कार्डांवरची वाक्यंच काढून टाकली. टोपलीत मोहफुलं, काही सांडलेली, एवढंच चित्र. गोष्ट मुलांनी त्यांच्या भाषेत सांगायची. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञान अपेक्षित आहे. आमची पेटी त्याच्या कामी कशी येईल, हे त्यानंतर कुठे आम्हाला नीट मांडता आलं.

एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जाची मंजुरी ऑगस्टमध्ये हातात आली. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता, पहिलीच्या पहिल्या आठवड्यांसाठी केलेलं साहित्य पोळ्याच्या सुमारास पोहोचलं. तेव्हापासून आम्ही जानेवारीतच अर्ज देतो. मंजुरीचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जातं. या वाटेवर केंद्रप्रमुखांना आधी भेटून या, हे मी प्रत्येक संस्थेला सांगते. कोणत्या शाळेत शिक्षकाची बदली होणार, पावसात कोणता नाला अडवतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत आम्हाला चाळीस मिनिटं दिली. आम्ही भाषण केलं नाही. शिक्षकांना जमिनीवर बसवून माळेवर सदतीस दाखवायला सांगितलं. पहिल्या पाच मिनिटांत हसणं, मग वाद, मग एक बाई उठून आम्हालाच नवी रीत दाखवू लागल्या.

एवढं करूनही डिसेंबरमध्ये भेटी दिल्या तेव्हा बारापैकी सात पेट्या कपाटात कुलूपबंद होत्या. मला रडू आलं. एका बाईंनी जडवस्तू नोंदवही, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची वही, काढून समोर ठेवली. पेटीची नोंद नगावारी झाली होती, मणीसुद्धा मोजून. "बदली झाली की चार्ज देताना हे सगळं मोजून द्यावं लागेल. एक दांडा कमी भरला तर मी काय सांगू?" त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या पोहोच पावतीनेच ती भीती निर्माण केली होती.

पुढच्या वर्षी आम्ही देणगीपत्राचा मजकूर बदलला. साहित्य वापरून संपणारं आहे, फुटलं किंवा हरवलं तर शिक्षकावर जबाबदारी नाही, संस्था सुटे भाग पुन्हा देईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं आणि कार्यालयाच्या मंजुरीतही तो उल्लेख घ्यायची विनंती केली. शाळा व्यवस्थापन समितीपुढेही तो विषय ठेवला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आयांनी माळ हातात घेऊन पाहिली आणि इतिवृत्तात ठराव आला: पेटी वर्गात, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवावी. त्या एका ओळीने बाईंना जो धीर दिला, तो आमच्या दहा प्रशिक्षणांनी दिला नसता. सुट्या भागांसाठी आम्ही आता खर्चाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवतो. देणगीदाराला हे पटवणं कठीण जातं, त्यांना नव्या पेट्यांचे फोटो हवे असतात. तरी मी त्या रकमेवर अडून बसते.

गेल्या मार्चमध्ये त्या पहिल्या शाळेत गेले होते. पेटीला झाकण उरलं नव्हतं. माळेचा दोरा कधीतरी तुटला होता आणि मुलींनी ती सुतळीत पुन्हा ओवली होती. दहा लाल, दहा पांढरे, असं नव्वदपर्यंत, आणि शेवटचा दशक भिजवून भोक पाडलेल्या चिंचोक्यांचा.