शून्यांची ओळ

क्रिकेटचे स्कोअरकार्ड वाचत मोठी झाले मी. न्यू जर्सीत आल्यावर बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांतला तक्ता, वाचायला शिकले, तो ८ ऑक्टोबर १९५६ चा. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना, यँकी स्टेडियम. डॉजर्स संघाच्या नावापुढे धावा ०, हिट्स (फटका मारून बेस गाठणं) ०, चुका ०. समोरच्या यँकीज संघाच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या डॉन लार्सनने, ९७ चेंडूंत २७ जणांना आले तसे परत पाठवले!

डॉजर्सच्या जॅकी रॉबिन्सनपुढे नुसते ३ आणि ०: तीनदा फलंदाजी, हिट एकही नाही. पण हाताने स्कोअर लिहिताना त्याच्या दुसऱ्या डावातल्या चौकोनात ५-६-३ येतं. हे क्षेत्ररक्षकांच्या जागांचे क्रमांक: ५ तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला), ३ पहिला बेस. तिसऱ्या बेसवरच्या कॅरीच्या ग्लोव्हला लागून चेंडू उडाला, शॉर्टस्टॉप मॅकडूगल्डने तो उचलून पहिल्या बेसवर फेकला. तीन आकड्यांत केवढा जीव टांगणीला लागतो!

मी मात्र दर वेळी सॅल मॅगलीच्या ओळीपाशी थांबते. डॉजर्सचा पिचर. ८ डाव, ५ हिट्स, २ धावा. इतकं सुरेख टाकूनही हरला बिचारा. आणि समोरच्या लार्सनला तीनच दिवसांपूर्वी दुसरा डावसुद्धा पुरा करता आला नव्हता.