टेकडीच्या झाडांसाठी सन्मान सोहळा केला त्याची गोष्ट (आणि हिशोब)

आमचा ग्रुप तसा छोटाच, रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाणारी पंधरावीस माणसं, त्यातली निम्मी गुडघ्यांची तक्रार करणारी. ट्रस्ट रजिस्टर आहे, देणगीदाराला करात सूट मिळते ते ८०जी आहे, आणि खजिनदार मी, कारण ज्या मीटिंगला खजिनदार ठरला त्या मीटिंगला मी नव्हतो.

२०२३ च्या दिवाळीनंतर खात्यात अकरा हजार उरले आणि उन्हाळ्यात झाडांना पाणी कुठून घालायचं हा प्रश्न आला. तेव्हा आमच्यातल्या एकाने, त्याचा मुलगा अमेरिकेत आहे, सुचवलं की तिकडे गाला करतात, पर्यावरणाचं काम करणाऱ्यांचा सत्कार करायचा, जेवण द्यायचं आणि लोकांकडून देणगी घ्यायची. माझी आई शेजारीच बसली होती, ती म्हणाली गाळा कुठे घेताय, कोथरूडला फार महाग झालेत. तेव्हापासून आमच्यात त्या कार्यक्रमाचं नाव गाळाच पडलं.

सत्कार कुणाचा यावर दोन मीटिंगा भांडण झालं. काहींना टीव्हीवरचा चेहरा हवा होता म्हणजे हॉल भरेल. शेवटी तीन नावं ठरली. एक आमचे काका, खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, अकरा वर्षं पाच पाच लिटरचे कॅन घेऊन टेकडी चढतायत. दुसऱ्या एक बॉटनीच्या निवृत्त प्राध्यापक बाई, टेकडीवर कुठलं झाड कधी फुललं याच्या वह्याच्या वह्या भरून ठेवलेल्या. आणि तिसऱ्या आमच्याच सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई.

बाईंना फोन केला तर पहिलं वाक्य, "शाल आणू नका, घरी सतरा आहेत." ताई म्हणाल्या येते पण संध्याकाळी ठेवा, सकाळचा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा कचरा उचलायला लागतो. काका काहीच म्हणाले नाहीत, मला वाटलं हो आहे.

मग मी मानपत्र लिहायला घेतलं. काकांच्या मानपत्रात बिनधास्त लिहिलं, "दहा हजार वृक्षांची लागवड." आकडा कुठून आला तर ग्रुपवर कुणीतरी कधीतरी लिहिला होता. प्रूफ दाखवायला घरी गेलो, काकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, अरे दहा हजार वेळा मी खाली वाकलो पण नसेन. मी म्हटलं बरं पाच लिहू. ते म्हणाले लावली किती ते लिहूच नकोस, पावसाळ्यात फोटो काढायला सगळेच लावतात, जगली किती ते लिही, आणि ते मला माहीत नाही, मोजून ये.

झालं. जानेवारीतले तीन रविवार आम्ही झाडं मोजत फिरलो. आता जानेवारीत टेकडीवर गेलात तर कळेल, सालई, मोई, गणेर सगळ्यांची पानं गळलेली किंवा गळत आलेली, नुसत्या काटक्या उभ्या. जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं, मला तर सगळंच सरपण दिसत होतं. काकांनी दाखवलं, नखाने साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं तर आहे, तपकिरी कोरडं लागलं तर गेलं. इतकं सोपं. पण एका झाडाला एकदाच खरवडायचं, नाहीतर मोजणारेच मारतील असंही वर सांगितलं. बाई पण आल्या, त्यांनी नावं सांगितली, मेडशिंगी, वारस, काटेसावर, पळस. मधेमधे गिरीपुष्पाचं रान लागतं, ते मूळचं मध्य अमेरिकेतलं, टेकड्या पटकन हिरव्या दिसाव्यात म्हणून पूर्वी लावलेलं, आणि मी इतकी वर्षं तेच बघून वा काय हिरवंगार म्हणत आलो होतो. बाई हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार.

एकूण भरली ४१२. प्रत्येकाला सुतळीने नंबराची चिठ्ठी बांधली, खिळा मारायचा नाही हा काकांचा नियम. मानपत्रात ४१२ लिहिलं तर कमिटीत दोघांची तोंडं पडली, एवढ्यावर कोण देणगी देणार म्हणे. पण खरं सांगू का, मला तिथेच रस्ता दिसला. टँकर, ड्रम, पाइप, वर पाणी चढवायला दोन माणसं असा सगळा हिशोब करून बघितला तर जूनपर्यंत एका झाडाला २५० रुपये येत होते. मग "पर्यावरण रक्षणासाठी सढळ हाताने मदत करा" हे पत्रिकेतून काढलं आणि लिहिलं, एका झाडाचा एक उन्हाळा, २५० रुपये, झाडाचा नंबर मिळेल.

मधे एक बिल्डर आले होते, दोन लाख द्यायला तयार, स्टेजच्या मागच्या बॅनरवर नाव मोठं हवं. दोन लाख म्हणजे आमचे दोन उन्हाळे हो. त्यांच्या जाहिरातीत फ्लॅटच्या खिडकीतून टेकडी दिसते असं चित्र होतं आणि आमच्यातले बरेच जण २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायच्या मोर्चात चाललेले. मी खजिनदार, माझा जीव वरखाली, मी आपलं म्हटलं नाव न लावता द्याल का. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही. मला अजूनही रात्री कधीकधी ते दोन लाख आठवतात, खोटं कशाला बोलू.

कार्यक्रम फेब्रुवारीतल्या शनिवारी, कर्वे रोडच्या जवळ एक हॉल. केटररला चारदा सांगितलं होतं प्लास्टिक नको, २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या ताटांना बंदी आहे वगैरे भाषण पण दिलं होतं. तो हो हो म्हणाला आणि साडेपाचला पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे सहा बॉक्स घेऊन हजर. पर्यावरणाच्या सत्काराला टेबलावर बाटल्या! मग मंडपवाल्याकडून स्टीलचे दोनशे ग्लास आणि दोन पिंप मागवली, माझा भाचा स्कूटरवरून बोहरी आळीत पत्रावळ्या आणायला पळाला, शनिवारच्या संध्याकाळी त्या गर्दीत, तो बिचारा परत आला तेव्हा सत्कार संपत आला होता.

अजून एक, आम्ही पाहुण्यांना बुकेऐवजी रोपं द्यायचं ठरवलं होतं, सगळे देतात तसं. काका म्हणाले फेब्रुवारीत रोप देऊन काय करायचं, मुळं धरायच्या आत ऊन लागेल, गॅलरीत मरेल, जूनमध्ये द्या. म्हणून नारळ दिले. नारळाचं नंतर काहीतरी करता तरी येतं.

भाषणांबद्दल थोडक्यात, प्रमुख पाहुणे बोलले पस्तीस मिनिटं. ताई बोलल्या दीड मिनिट. "मला बोलता येत नाही. तुमच्या घरातलं पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हंजे आमाला हाताने उघडून बघायला लागत नाही. एवढं केलं तरी माझा सत्कार झाला." हॉलमध्ये एकदम शांतता, पुण्यातल्या हॉलमध्ये पॅड हा शब्द माइकवरून, आणि मग जोरात टाळ्या. बाईंनी वही उघडून त्या आठवड्यात कुठल्या गणेराला पिवळी फुलं आलीत ते वाचून दाखवलं. काकांनी मानपत्र हातात घेतलं, ४१२ वर बोट ठेवून बघितलं, बरोबर आहे म्हणाले आणि खाली उतरले.

झाडांचं टेबल मात्र तुफान चाललं. लोक हॉटेलात मेनू मागावा तसे झाडं मागत होते, मला फुलणारं द्या, मला रस्त्याजवळचं द्या, एक आजी पिंपळच हवा म्हणून अडून बसल्या, पिंपळ यादीत नव्हता, शेवटी काटेसावरीवर समजूत पटली. ३३१ झाडं गेली, म्हणजे ८२,७५० रुपये, वर पाकिटातून ३९,२००. एकूण १,२१,९५०. हॉल, जेवण, साउंड, छपाई धरून खर्च ५६,४००. उरले ६५,५५०. जवळजवळ निम्मे पैसे कार्यक्रमानेच खाल्ले, हे मी ग्रुपवर टाकलं तर दोघांनी लाइकचा अंगठा टाकला आणि बाकीच्यांनी फोटो टाकले.

त्यानंतरचं काम कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. ८०जीची पावती द्यायची म्हणून आम्ही प्रत्येकाचा पॅन मागत होतो, तेव्हा रोख दोन हजाराच्या वर दिले तर वजावट मिळायची नाही, ३१ मेच्या आत देणगीदारांच्या यादीचा १०बीडी फॉर्म भरायचा होता आणि मग प्रत्येकाला देणगीचं १०बीई सर्टिफिकेट द्यायचं होतं. दोनशेच्या वर लोक, निम्म्यांनी पॅन लिहिलाच नाही, काहींचा माझ्या भाच्याच्या अक्षरात लागला नाही. अडीचशे रुपयांसाठी मी लोकांना तीन तीन फोन केलेत. त्यात नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ८०जीचा उपयोगच नाही हे कळल्यावर काही जण माझ्यावरच चिडले, जणू बजेट मी मांडलं.

पाणी मात्र नीट गेलं, दर आठवड्याला झाडामागे दहा लिटर. जूनच्या पहिल्या रविवारी परत मोजलं, या वेळी पालवी होती त्यामुळे पटकन झालं. ३८९. तेवीस गेली, सात वणव्यात आणि बाकीची अशीच. काका म्हणाले ज्यांची गेली त्यांना कळव. मला जिवावर आलं होतं, पण यादी घेऊन बसलो.

पहिलाच फोन सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांना. म्हटलं तुमचं १८७ नंबर, मेडशिंगी, वाळलं हो. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "अरेरे. बरं, पण सर्टिफिकेट चालेल ना, का तेही गेलं?"

चालेल म्हटलं.