आमची वाटचाल: रंग सुटणाऱ्या कापडापासून पक्क्या रंगाकडे

सुरुवातीला आमच्याकडे जुन्या सोफ्यांचीच कामं यायची. बसलेला फोम बदलणं, सैल पट्टे ताणून घेणं, नवं कापड चढवणं. कापड ग्राहक स्वतः आणायचे, त्यामुळे त्याच्या गुणदोषांत आम्हाला पडावं लागत नसे.

ती वेळ आली एका गडद निळ्या सोफ्यामुळे. दुसरीकडून घेतलेला, जवळजवळ कोरा. पण फिक्या रंगाचे कपडे घालून कुणी बसलं की उठताना मागे निळसर डाग. विकणाऱ्याने ‘थोडा वापरला की थांबेल’ असं सांगून बोळवण केली होती. आमच्या कारागिराने पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून सोफ्याच्या हातावर घासलं, तर पुसटशी छटा आली. तेच फडकं ओलं करून घासलं आणि ते निळंशार झालं.

रंग पक्का व्हावा म्हणून त्या ग्राहकाच्या घरच्यांनी मिठाचं पाणी आणि व्हिनेगर दोन्ही करून पाहिलं होतं. त्याचा उपयोग होत नाही, हे आम्ही आजही अनेकांना सांगतो. मीठ रंगाईच्या वेळी रंग सुती धाग्याकडे ढकलतं. तयार कापडावर ते काही करत नाही. आम्लाचं काम लोकर आणि रेशमाच्या रंगाईत. सुती कापडावरचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो, पण सगळाच नाही. उरलेला रंग रंगाईनंतर गरम साबणपाण्याने नीट धुऊन काढावा लागतो. ही धुलाई कुणी उरकती घेतली की तो रंग कापडातच राहतो. गडद छटांत रंगच जास्त, म्हणून त्रासही जास्त. खिळे मारून ताणलेलं कापड सोफ्यावर खळखळून धुता येत नाही. शेवटी ते कापड काढावंच लागलं.

तेव्हापासून कापड आम्हीच निवडून द्यायला लागलो. पुरवठादाराकडे आधी घर्षणाला रंग किती टिकतो याचा अहवाल मागतो. आयएसओ 105-एक्स12 या चाचणीत पांढरं कापड ठरावीक दाबाने नमुन्यावर घासतात आणि पडलेल्या डागाला 1 ते 5 गुण देतात. 5 म्हणजे डागच नाही. कोरड्या घासणीला निदान 4 आणि ओल्या घासणीला 3 गुण असल्याशिवाय आम्ही तागा घेत नाही. बरेच विक्रेते मात्र मार्टिनडेल चाचणीचा आकडा पुढे करतात. कापड किती घासल्यावर झिजेल, एवढंच तो आकडा सांगतो. पन्नास हजार घासण्या सोसणारं कापडही रंग सोडू शकतं.

रोजच्या वापराच्या सोफ्याला आमची पहिली पसंती सोल्यूशन-डाइड अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिप्रॉपिलीनला. यात धागा बनण्याआधीच, पातळ पॉलिमरमध्ये रंगद्रव्य मिसळतात. धागा कापून पाहिला तर आतपर्यंत तोच रंग दिसतो. असं बरंचसं कापड पातळ केलेल्या ब्लीचनेही पुसता येतं, फक्त कापडाच्या निर्मात्याने तशी परवानगी दिलेली असावी. पुसायला सोपं म्हणून स्वस्त पीयू (पॉलियुरेथेनचा थर दिलेलं) रेक्झिन मागणारेही असतात. त्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो, कारण दमटपणाने त्याचा थर मोडतो आणि पापुद्रे निघू लागतात.

उलट तक्रारही येते: सोफा फिका आणि डाग निळे. तिथे बहुधा दोष नव्या जीन्सचा असतो. इंडिगो धाग्याच्या वरच्या थरातच बसतो, त्यामुळे घासला की निघतो. डाग ताजा असतानाच पुसावा, मुरला की अवघड.

आता आमच्या प्रत्येक नमुन्यामागे कोरड्या-ओल्या घासणीचे दोन्ही गुण आणि सफाईचं अक्षर लिहिलेलं असतं: डब्ल्यू असेल तर पाण्याचा क्लीनर, एस असेल तर फक्त सॉल्व्हंट म्हणजे बिनपाण्याचा क्लीनर, एक्स असेल तर नुसता व्हॅक्यूम. धुण्याजोग्या कापडाच्या गाद्यांना आम्ही चेन लावूनच देतो. ती कव्हरं सगळी एकाच वेळी धुवा, एकेक धुतली तर छटा वेगवेगळ्या दिसायला लागतात.