आयएफएस काढून सॉलिड ॲक्सल : देवगडच्या सड्यावरच्या पिकअपचा माझा अनुभव

आमची आंब्याची कलमं सड्याच्या, म्हणजे कातळ पठाराच्या, खालच्या अंगाला आहेत. घरामागच्या खळ्यातून निघालं की आधी पाणंद लागते, मग बंद पडलेली चिरेखाण, आणि खाणीतून खाली उतरताना जांभ्याच्या गुडघाभर उंचीच्या पायऱ्या. ही सगळी जमीन आमच्या सामायिकीतली, त्यामुळे तिथे डांबर येणार नाही हे ठरलेलंच. मोसमात रोज आंब्याचे क्रेट याच वाटेने वर आणावे लागतात.

त्यासाठी घेतलेली जुनी फोर बाय फोर पिकअप मला प्रिय आहे. इंजिन दणकट, हौदा मोठा. पुढचं सस्पेंशन मात्र टॉर्शन बारवरचं (पिळाच्या दांड्यावरचं) इंडिपेंडंट, म्हणजे आयएफएस, ज्यात दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात. दर मोसमात त्याचे सीव्ही जॉइंटचे (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचे) रबरी बूट जांभ्याच्या धारेवर फाटायचे. आत लाल चिखल गेला की ग्रीसचं उटणं व्हायचं आणि पंधरा दिवसांत वळताना कटकट आवाज सुरू. चार मोसमांत मी सहा वेळा ते जॉइंट उतरवले. सहाव्यांदा उतरवले तेव्हा ठरवलं, आता पुढे जीपसारखा सलग, म्हणजे सॉलिड, ॲक्सल बसवायचा.

पायरीवर चढताना आयएफएसचं चाक आत दबतं तेव्हा चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) खाली येते आणि चॅसीला बांधलेलं डिफरन्शियलही, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा दातऱ्यांचा गोळा, तिच्याबरोबर खाली येतं. नेमकी गरज असते तेव्हाच पोटाखालची जागा कमी होते. सॉलिड ॲक्सलमध्ये डिफरन्शियल चाकांच्या मधोमध आडव्या नळीत असतं. सस्पेंशन कितीही दबलं तरी त्याची जमिनीपासूनची उंची टायरवर ठरते. एक चाक वर गेलं की ॲक्सल तिरपा होतो आणि दुसरं चाक आपोआप खाली ढकललं जातं, त्यामुळे टायर जमीन सोडत नाही. याची किंमत हमरस्त्यावर मोजावी लागते. एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकाला बसतो आणि वेगात गाडी हलकी, भिरभिरी वाटते. माझी गाडी हमरस्त्यावर जाणारच नव्हती, म्हणून हा सौदा मला परवडला.

ती का जाणार नव्हती, हे स्पष्ट लिहितो, कारण हे वाचून कुणी रोजच्या गाडीला कटर लावू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनी अशा गाडीचा दावा उचलेल अशी आशाही धरू नये. हा बदल केल्यापासून माझी पिकअप आमच्या जमिनीबाहेर स्वतःच्या चाकांवर गेलेली नाही. बाहेर न्यायची वेळ आली तर दुसऱ्या गाडीवर चढवून नेतो.

काम दिवाळीनंतर सुरू केलं. मिरग लागायच्या आत संपवायचं होतं. कणकवलीकडचे एक मेस्त्री माझ्या काकांचे जुने स्नेही. आयुष्य जीप दुरुस्त करण्यात गेलेलं. ते दर शनिवारी-रविवारी यायचे. बाकीचे दिवस मी एकटा.

पहिला ॲक्सल घाईत घेतला. भंगारवाल्याने सांगितलं, सगळ्या जीपचा एकच असतो, आणि मी अठरा हजार मोजले. मेस्त्रींनी तो घरी पाहिला, काही बोलले नाहीत, फक्त खडू मागितला. पिकअपचं मागचं एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं जॅकवर उचललं, गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे येणाऱ्या शाफ्टवर खडूची खूण केली आणि उचललेलं चाक मला वीस वेळा फिरवायला लावलं. एक चाक अडलेलं असलं की दुसऱ्याचे वीस फेरे म्हणजे क्राऊनचे (डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातरीचे) दहा. शाफ्ट बेचाळीस वेळा फिरून वर जवळजवळ पाऊण फेरा गेला, म्हणजे रेशो (क्राऊनच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ४.२७ च्या आसपास. मग तेच जीपच्या ॲक्सलवर केलं. शाफ्ट त्रेपन्न फेरे आणि वर पाऊण, म्हणजे ५.३८. जुन्या जीपचा हा ठरलेला रेशो, त्रेचाळीस दातांचा क्राऊन आणि त्याला फिरवणारा आठ दातांचा पिनियन. अशी जोडी फोर बाय फोरमध्ये चालवली तर पुढची चाकं एका वेगाने फिरू पाहतात, मागची दुसऱ्या. चिखलात टायर घसरून भागतं, पण कोरड्या कातळावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो आणि ती फुटते. अठरा हजारांचा तो ॲक्सल मी अकराला परत दिला.

दुसरा ॲक्सल शोधायला दीड महिना गेला. कोल्हापूरला दोन खेपा झाल्या, फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे. या वेळी हाउसिंगचं झाकण उघडून दात मोजल्याशिवाय पैसे दिले नाहीत. क्राऊनला सत्तेचाळीस, पिनियनला अकरा, भागाकार ४.२७. डिफरन्शियलचा गोळा कोणत्या बाजूला आहे तेही पाहिलं. ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला गोळा हवा, नाहीतर शाफ्ट इंजिनखालून तिरका काढावा लागतो.

आयएफएस उतरवायला दोन दिवस लागले. ब्रॅकेट गॅस कटरने कापून ग्राइंडरने घासले तेव्हा चॅसीचं खरं रूप दिसलं. बाहेरून रंग शाबूत, पण हातोडी मारली की डाव्या बाजूला एक वीतभर भाग बद्द वाजायचा. समुद्र आमच्यापासून तीन किलोमीटरवर आहे. खारी हवा चॅसीच्या पोकळीत शिरते, आतला चिखल ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून पापुद्र्यांनी सुटतो. तेवढा भाग कापून नवा घातला. कोकणात कुणी हे काम काढलं तर ॲक्सल विकत घेण्याआधी हातोडी घेऊन गाडीखाली झोपावं, असं मी आग्रहाने सांगेन.

पुढचे तीन आठवडे फक्त मापं. मला वेल्डिंगची घाई झाली होती. मेस्त्री म्हणाले, "गाडी सरळ चलूक व्हयी ना? मगे घाई कित्याक? आधी माप घे, मगे काप." शेजारी घराचं काम चालू होतं. तिथल्या गवंड्याकडून आम्ही ओळंबा आणि पाण्याची नळी मागून आणली. चॅसी लोखंडी घोड्यांवर ठेवली, नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एका रेषेत येईपर्यंत घोड्यांखाली पाचर सरकवत राहिलो. मग चॅसीवरच्या मूळ छिद्रांतून ओळंबे सोडून खळ्याच्या जमिनीवर खुणा केल्या आणि त्या दोरीने जोडल्या. दोन्ही कर्ण मोजले तर सहा मिलिमीटरचा फरक. कधीतरी गाडी कुठे आपटली असणार. तो फरक धरूनच मधली रेषा काढली. नव्या ॲक्सलची जागा मागच्या ॲक्सलपासून दोन्ही बाजूंना मोजून ठरवली, बंपरपासून एकही माप घेतलं नाही. बंपर वाकलेला असू शकतो, मागचा ॲक्सल ज्या रेषेत ढकलतो त्याच रेषेत गाडी जाते.

पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) ॲक्सलच्या वर घेतले, शॅकल (पाट्याचं हलतं टोक धरणारी कडी) मागे ठेवली. त्यामुळे समोरून धक्का आला की ॲक्सल मागे सरकत वर जातो आणि चाल मऊ लागते. पण तो ट्रान्सफर केसच्या दिशेने सरकतो, म्हणून पुढच्या शाफ्टचा स्प्लाइन (आत-बाहेर सरकणारा खाचांचा भाग) लांब करून घ्यावा लागला.

वेल्डिंगला ७०१८ च्या कांड्या वापरल्या. या कांड्या हवेतली ओल पितात, आणि ओली कांडी वापरली की तिच्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जाऊन नंतर तडा देतो. आमच्याकडे डिसेंबरातही पहाटे पत्र्यावर दव ठिबकतं. मेस्त्रींनी पुडा फोडला, कांड्या भट्टीत चांगल्या तापवून घेतल्या आणि पाच-पाच काढून वापरल्या. ॲक्सलच्या नळीवर पाट्यांची बैठक जोडताना एका दमात वेल्ड मारला नाही. इंचभर मारायचा, मग पलीकडच्या बाजूला जायचं, नळीला हात लावता येईल इतकी निवू द्यायची. नळी तापून वाकली तर आतला एक्सल शाफ्ट आणि सील आयुष्यभर घासत राहतात.

बैठक पक्की करण्याआधी नुसत्या टाक्यांवर गाडी उतरवून बघितली ते बरं झालं. किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या) झाकणावर कोनमापक ठेवला तर कॅस्टर, म्हणजे तिचा मागचा कल, जेमतेम दीड अंश. किंगपिनचं वरचं टोक मागे कललेलं असलं तरच स्टिअरिंग सोडल्यावर चाक आपणहून सरळ होतं. सॉलिड ॲक्सलला मला निदान चार-पाच अंश हवे होते. आणि इथे खरी अडचण आहे. कॅस्टर वाढवायला ॲक्सल मागे फिरवला की मागे तोंड करून बसलेला पिनियन खाली बघायला लागतो आणि शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. मी दोन रात्री कागदावर आकृत्या काढत बसलो. शेवटी कॅस्टरच्या बाजूने निर्णय घेतला, कारण पुढच्या चाकांच्या हबवर त्यांना ॲक्सलपासून सोडवणारे फ्री व्हील लॉक आहेत. ते उघडे असले की पुढचा शाफ्ट फिरतच नाही, आणि बंद असतात तेव्हा गाडी माणसाच्या चालीने चाललेली असते. थरथर वेगात जाणवते, चालीत नाही. टाके तोडले, साडेचार अंशांवर बैठक पक्की केली. मग ॲक्सल पूर्ण लोंबत सोडून शाफ्ट हाताने फिरवला. एका जागी जॉइंटचा योक अडत होता. तो किंचित घासला आणि ॲक्सल त्याहून खाली जाऊ नये म्हणून पट्टा लावला.

स्टिअरिंगबद्दल माझा एकच हट्ट होता. कुठल्याही दांड्याला वेल्डिंग नाही. ड्रॅग लिंक आणि टाय रॉड जाड सीमलेस पाइपचे, कोल्हापुरात लेथवर आटे पाडून घेतले. ब्रेकचं काम त्या मानाने लवकर झालं. पुढे आता ड्रम ब्रेक असल्यामुळे पेडल दोनदा दाबावं लागत होतं. लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह टाकल्यावर एकाच दाबात पकडू लागलं.

मार्चमध्ये पहिल्यांदा सड्यावर फिरवली. तीस-पस्तीसला एका खड्ड्यातून गेलो आणि स्टिअरिंग हातातून निसटलं. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अशी झटके देत थरथरायला लागली, डॅशबोर्डवरचा पाना उडून खाली पडला. पूर्ण थांबेपर्यंत ते थांबलं नाही. सड्यावर कुणी नव्हतं, नाहीतर काय झालं असतं या विचाराने मी बराच वेळ खाली उतरलोच नाही.

टोइन (पुढची चाकं समोरून आत किती वळलीत ते) तपासलं, दोन मिलिमीटर, बरोबर. टायर बॅलन्स केलेले. मेस्त्री आल्यावर त्यांनी टाय रॉड सोडवला, नकलचे (चाक धरून किंगपिनवर वळणाऱ्या भागाचे) सील काढले आणि माझ्या बायकोकडे मासळी तोलायचा ताणकाटा मागितला. त्याचा आकडा नकलच्या आर्मच्या भोकात अडकवून हळूहळू ओढला. काटा अर्ध्या किलोच्या पुढे जाईना, नकल लोण्यासारखा वळत होता. किंगपिनची बेअरिंग झिजलेली होती आणि मी ॲक्सल उघडताना झाकणाखालच्या शिम (पातळ चकत्या) जशा होत्या तशाच परत घातल्या होत्या. नवी बेअरिंग टाकली, एकेक शिम कमी करत गेलो आणि दर वेळी काट्याने ओढून बघितलं. दोन-अडीच किलोवर नकल हलायला लागला तेव्हा मेस्त्री थांबले. दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यातून त्याच वेगाने गेलो. गाडी फक्त एकदा दचकली.

आता पुढे पाच नटांची चाकं आणि मागे सहा नटांची, त्यामुळे दोन स्टेपन्या बाळगतो. व्हाळातून बाहेर आलं की ड्रम ओले होतात, म्हणून शंभर पावलं पेडलवर हलका पाय ठेवून ते सुकवावे लागतात. नकलच्या गोळ्यावर गंजाचे बारीक खड्डे होते, ते कितीही घासले तरी डाव्या बाजूचा सील थोडं ग्रीस सोडतो. ॲक्सल जीपच्या वजनासाठी बनवलेला आहे, म्हणून पूर्वी टनभर भरायचो तिथे आता अर्ध्यावर थांबतो. सगळा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला, मेस्त्रींनी घेतलेली मजुरी धरून, आणि ती त्यांनी फार कमी घेतली.

मेच्या पहिल्या आठवड्यात चाळीस क्रेट भरून खाणीची चढण चढलो. तिसऱ्या पायरीवर उजवं चाक कमरेएवढं वर गेलं, डावं खाली घळीत, आणि चारही टायर जमिनीला धरून होते. मेस्त्रींनी हात वर करून मला तिथेच थांबवलं. ते डाव्या चाकाजवळ कातळावर आडवे झाले आणि ब्रेकचा होज किती ताणला गेलाय ते बोटं लावून बघू लागले.

"दोन बोटां हत अजून," ते खालूनच म्हणाले. "येऊ दे वर."