मूळपुरुषाची चौकशी

जर्मनीतल्या हेखिंगेनजवळच्या डोंगरावर पोचलो तेव्हा होहेनझोलर्नचा किल्ला गायब होता. ८५५ मीटर उंची आणि वर दाट धुकं. टूर मॅनेजर म्हणून अशा वेळी माझ्या पोटात गोळा येतो. माहितीपत्रकातला फोटो सगळ्यांच्या डोक्यात असतो ना! "यापेक्षा आपला सिंहगड बरा," मागून कुणीतरी पुटपुटलं.

आत शिरताच एका दालनात भिंतभर होहेनझोलर्न राजघराण्याचा वंशवृक्ष रंगवलाय. तिथे कोथरूडचे एक काका थबकले. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतलाय. खिशातून डायरी निघाली. "यांचा मूळपुरुष कोण?"

मी पाठ केलेलं सांगितलं. राइशेनाउ मठातल्या बेर्टहोल्ड नावाच्या साधूने १०६१ सालात एवढंच नोंदवलंय की, झोलर्नचे, म्हणजे याच घराण्यातले, बुर्खार्ड आणि वेत्सिल मारले गेले. त्या ओळीत ना कारण, ना दोघांचं नातं.

"म्हणजे घराणं कागदावर आलं ते मेल्याच्या बातमीने?" काका वैतागले. "मग मोठं कसं झालं?"

"सोयरिकीने." बाराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या फ्रीडरिशने न्यूरेंबर्गच्या किल्लेदाराची मुलगी सोफिया केली. सासऱ्याला मुलगा नव्हता, ते पद जावयाकडे आलं. त्याच शाखेतल्या सहाव्या फ्रीडरिशने सिगिसमुंडला जर्मनीचा राजा म्हणून निवडून यायला मदत केली आणि १४१५ मध्ये ब्रांडेनबर्ग प्रांत पदरात पाडून घेतला. पुढे १७०१ मध्ये प्रशियाचं राजेपद, १८७१ मध्ये जर्मन सम्राटपद, १९१८ मध्ये सगळं संपलं. हे मी भराभर उरकलं, कारण काकांचं लक्ष न्यूरेंबर्गवरच अडकलं होतं.

खरं तर हा किल्लाही तिसरा. पहिला १४२३ मध्ये वेढा घालून पाडला गेला. आत्ताचा १८६७ मध्ये पुरा झाला, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावू लागल्यानंतर. हे ऐकून दोघा-तिघांचे चेहरे पडले. मी नेहमी सांगतोच. खोटं जुनेपण विकायला मला जमत नाही.

काकू इतका वेळ गप्प होत्या. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ती सोफिया कुठाय?"

मला बोट ठेवून दाखवता येईना. इतक्या वेळा आलो, पण तिला शोधायचं कधी सुचलंच नव्हतं.

परतताना बसमध्ये काकू काकांच्या डायरीत डोकावून म्हणत होत्या, "आपल्या पुस्तकात माझ्या आईचं माहेरचं आडनाव घातलंस का रे?"

काका चष्मा पुसत बसले.