वाळूच्या मागावर: नामिबियाच्या आकाशातून

नामिबियाच्या वाळवंटात उभ्या असलेल्या माणसाला वाळूचा एक डोंगर दिसतो, त्यामागे दुसरा दिसतो, आणि त्यापलीकडचे काही कळत नाही. सहा आसनांच्या लहान विमानातून मात्र ती वाळू कोठून आली, कोणत्या वाऱ्याने रचली आणि कोणत्या नदीपाशी अडली, हे एका सकाळीत डोळ्यांसमोर उलगडते. गिरणेच्या काठी लहानाची मोठी झालेल्या आणि पुढे अमळनेरला शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मला या प्रवासाने जे दिले, त्यात ही वाळूची वाट सर्वांत मोलाची आहे. म्हणून या लेखात प्राण्यांपेक्षा वाळू आणि नद्याच जास्त येतील.

माझा भाचा नामिबियाच्या राजधानीत, विंडहूकला नोकरी करतो. ‘आत्या, तू आयुष्यभर फळ्यावर वाळवंटे काढलीस, आता एक डोळ्यांनी बघ,’ असे तो फोनवर म्हणत राहिला आणि अखेर त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दादाला, घेऊन मी निघाले. दादा भडगाव तालुक्यात शेती करतो. विमानाचा खर्च मोठा आहे आणि तो ऐकून घरातली मंडळी गप्प झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नामिबियात अंतरेच फार मोठी आहेत; सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरच्या देशात लोकसंख्या जेमतेम तीस लाख. किनाऱ्याच्या उत्तर भागात तर रस्ता संपल्यावर खडीच्या धावपट्ट्यांवाचून दुसरी सोय नाही.

विंडहूक शहरालगतच्या एरोस विमानतळावरून लहान विमाने सुटतात. आमचे विमान सेस्ना २१० जातीचे होते. त्याला एकच इंजिन असते, पण पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालच्या जमिनीवर नजरेला अडसर येत नाही. सामानाबरोबर माणसांचेही वजन केले जाते आणि त्यावरून कोण कोठे बसणार हे ठरते. निघण्यापूर्वी वैमानिक तरुणीने पंखाखालच्या झडपेतून थोडे इंधन एका पारदर्शक नळीत काढले, ते सूर्याकडे धरून तळाशी पाण्याचा थेंब साचलेला नाही ना हे निरखले, आणि मग दुसऱ्या पंखाखाली जाऊन तेच पुन्हा केले. दादा हे सगळे फार लक्ष देऊन पाहत होता. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची विमाने त्याने शेतात उभे राहून कैकदा पाहिली आहेत, परंतु तशा विमानात बसण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

विंडहूकचे पठार संपले की जमीन एकदम खाली उतरते आणि पश्चिमेकडे नामिब सुरू होते. जगातील सर्वांत जुन्या वाळवंटांत त्याची गणना होते. येथील वाळूच्या सागराचा जो भाग २०१३ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला, तोच तीस हजार चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे आमच्या जळगाव जिल्ह्याच्या अडीचपटींपेक्षा अधिक आहे. सौचाब नावाची एक नदी डोंगरातून निघून या वाळूत शिरते आणि समुद्र गाठण्याआधीच टेकड्यांनी तिची वाट बंद केलेली दिसते. जेथे ती थांबते, ते सोसुसव्लेई. बहुतेक वर्षे तेथे पांढऱ्या मातीचे कोरडे तळे असते; चांगला पाऊस झाला तरच पाणी पोहोचते. शेजारच्या डेडव्लेईची वाट तर वाळूने कधीच बुजवली. पाणी तुटल्यामुळे सुमारे सहा-सात शतकांपूर्वी मेलेली बाभळीच्या कुळातली झाडे तेथे आजही उभी आहेत, कारण लाकूड कुजायला लागणारा ओलावाच तेथे नाही. वरून ती झाडे कागदावर सांडलेल्या शाईच्या बारीक ठिपक्यांसारखी दिसतात.

आता वाळूच्या प्रवासाकडे येते. ही वाळू नामिबच्या जागी तयार झालेली नाही. लेसोथोच्या डोंगरांत उगम पावणारी ऑरेंज नदी सुमारे २,२०० किलोमीटर वाहत येऊन दक्षिण सीमेवर अटलांटिक महासागराला मिळते आणि वाटेत झिजवलेला खडक वाळूच्या रूपाने समुद्राच्या स्वाधीन करते. किनाऱ्यालगतच्या लाटा आणि प्रवाह ती वाळू उत्तरेकडे ढकलतात, मग नैऋत्येचा जोरदार वारा ती उचलून जमिनीवर आणतो. संशोधकांच्या अनुमानानुसार या वाळूसागरातील वाळू दहा लाखांहून अधिक वर्षे येथे फिरत आहे. किनाऱ्याजवळच्या टेकड्या फिकट पिवळ्या, तर आत जावे तशा तांबूस होत जातात. कणांवरच्या लोहाच्या थराला गंजायला जितका वेळ मिळाला, तितका रंग गडद. विमान पश्चिमेकडे जात असताना हा बदल उलट्या क्रमाने दिसतो, आणि जे वर्गात खडूने सांगताना मला नेहमी अपुरे वाटायचे, ते मी खिडकीला कपाळ टेकवून पाहत होते. आफ्रिकेच्या अंतर्भागातले हिरेही नदीने याच वाटेने समुद्राकडे आणले. १९०८ साली झकेरियस लेवाला या रेल्वे कामगाराला कोल्मान्सकोपजवळ रुळांवरची वाळू काढताना हिरा सापडला आणि त्यानंतर दक्षिणेकडचा मोठा पट्टा सामान्य माणसांना बंद झाला.

परंतु सबंध प्रवासातली एकच जागा पुन्हा पाहायला मिळणार असेल, तर मी कुइसेब नदी मागेन. दक्षिणेकडून शेकडो मीटर उंचीच्या टेकड्या चालून येतात आणि या नदीच्या पात्रापाशी जणू आखून दिल्याप्रमाणे थांबतात. किनाऱ्यालगतचा पट्टा सोडला, तर नदीच्या उत्तरेला वाळूच्या टेकड्या नाहीत. तेथे खडी आणि खडकांचे सपाट माळ आहेत. नदी म्हणावी तर वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात पाणी नसते. तरीही डोंगरात पाऊस झाला की अधूनमधून पूर येतो आणि पात्रात येऊन पडलेली वाळू वाहून नेतो. काही दिवसांच्या त्या पुराच्या बळावर या नदीने एवढा वाळूसागर थोपवून धरला आहे. पात्राच्या दोन्ही काठांना झाडांची गर्द रेघ दिसते, कारण वाळूखाली पाणी टिकून असते. त्याच पाण्यावर तेथील टोपनार लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, नारा नावाच्या काटेरी झुडपाची फळे गोळा करत आले, आणि वॉल्व्हिस बे या बंदराच्या शहरालाही याच नदीच्या भूगर्भातून पाणी मिळते.

दादा बराच वेळ खाली पाहत होता. मग कानावरच्या यंत्रातून त्याचा आवाज आला, ‘हाई ते आपली गिरनासारखी दिखस.’ गिरणेचे उन्हाळ्यातले पात्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे पटेल. फरक इतकाच की कुइसेबच्या पात्रात वाळू होती. आमच्याकडे रात्री-अपरात्री ट्रॅक्टर आणि डंपर भरून ती नेली जाते, ठिकठिकाणी पात्र खरवडून खडक उघडा पडला आहे आणि काठावरच्या विहिरी माघ-फाल्गुनातच तळ गाठतात. नदीतली वाळू हा पाण्याचा साठा आहे, हे मी मुलांना दरवर्षी सांगत आले. माझे ते सांगणे कितपत पोहोचले हे मला ठाऊक नाही, पण कुइसेबवरून उडताना मला त्याची फार तीव्रतेने आठवण झाली आणि राग आला.

समुद्रकाठी ‘एडुआर्ड बोलेन’ हे जर्मन जहाज दिसते. १९०९ साली धुक्यात ते वाळूत रुतले. आज ते पाण्यापासून सुमारे चारशे मीटर आत, कोरड्या वाळूत आहे, कारण किनाराच पुढे सरकला. बहुतेक प्रवासी येथे छायाचित्रे काढतात, आम्हीही काढली. त्यापुढे सँडविच हार्बरला वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात आणि वॉल्व्हिस बेजवळ मिठागरांचे गुलाबी चौकोन व रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात.

स्वाकोपमुंड या किनाऱ्यावरच्या शहरी मात्र धुक्याने आम्हांला जमिनीवर थांबवून ठेवले. अंटार्क्टिकच्या दिशेने येणारा बेंग्वेला हा थंड प्रवाह या किनाऱ्यालगत वाहतो. त्यावरून येणारी हवा थंड होऊन तिचे धुके बनते, मात्र तिला वर चढता येत नसल्यामुळे पाऊस पडत नाही. आमच्या कमी पावसाच्या तालुक्यांतही वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. या किनाऱ्यावर बहुतेक वर्षी वीस मिलिमीटरही होत नाही. म्हणून येथील जीवसृष्टी धुक्यावर जगते. एका जातीचा काळा भुंगा धुक्याच्या पहाटे टेकडीच्या माथ्यावर चढतो, डोके खाली आणि पाठ वर करून वाऱ्याकडे तोंड देऊन उभा राहतो, आणि अंगावर जमलेले थेंब ओघळत त्याच्या तोंडाशी येतात. वाट पाहण्याच्या वेळात गाडीने जाऊन आम्ही वेल्विचिया ही वनस्पती जवळून पाहिली. तिला जन्मभर दोनच पाने असतात. ती बुंध्याकडून वाढत राहतात आणि टोकाकडून वाळून फाटतात, त्यामुळे पानांचा ढीग पडल्यासारखे वाटते. काही झाडे हजार वर्षांहून जुनी आहेत. पानाला बोट लावले तर ते चामड्यासारखे जाड, कोरडे आणि थंड लागले.

धुके निवळल्यावर उत्तरेकडे केप क्रॉस येथे सील प्राण्यांची प्रचंड वसाहत वरून पाहिली. पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो काओ याने पंधराव्या शतकात तेथे दगडी क्रूस रोवला होता. उगाब नदीपासून कुनेने नदीपर्यंतचा किनारा हा १९७१ साली घोषित झालेला स्केलेटन कोस्ट राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. येथे नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘ड्युनेडिन स्टार’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज रुतले. त्यावरील शंभराहून अधिक माणसे वाचली, परंतु त्यांच्या मदतीला गेलेली टगबोटही किनाऱ्याशी रुतली, तिच्यावरील दोघांचा जीव गेला आणि अन्नपाणी घेऊन उतरलेले बॉम्बफेकी विमानही वाळूत अडकले. ज्या धावपट्टीवर आपण सहज उतरतो, तिची किंमत या हकिगतीनंतर कळते.

आत दामारालँडकडे वळल्यावर खालचे दृश्य मला इतके ओळखीचे वाटले की क्षणभर अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून जात असल्याचा भास झाला. सपाट माथे, पायऱ्यापायऱ्यांचे उतार, तोच काळसर-तपकिरी खडक. हा एतेंदेका भागातील बेसॉल्ट असून तो सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका विलग होत असताना, लाव्हारसाच्या थरांनी बनला. त्याचाच दुसरा भाग आज ब्राझीलमध्ये आहे. आपला दख्खनचा बेसॉल्ट त्याच्या निम्म्या वयाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हे मी दादाला सांगितले, तेव्हा त्याने विचारले की मग येथे काळी जमीन का नाही. प्रश्न अचूक होता. खडक सारखा असला तरी त्याची माती व्हायला पाऊस लागतो.

होआनिब नदीच्या पात्रात आम्ही उतरलो ते हत्तींसाठी. हे वाळवंटात राहणारे आफ्रिकी हत्तीच आहेत, पण पाण्यासाठी ते फार लांबवर चालतात आणि कोरड्या पात्रात वास घेत नेमकी जागा शोधतात. एका हत्तिणीने पुढच्या पायाने वाळू उकरली, सोंडेने ती बाजूला केली, आणि खड्ड्यात पाणी झिरपेपर्यंत स्वस्थ उभी राहिली. पिल्लाने सोंड घातली तेव्हा तिने त्याला आधी पिऊ दिले. ‘झिरा खंदी राहिनी,’ दादा हळूच म्हणाला. लहानपणी उन्हाळ्यात गिरणेच्या पात्रात आई झिरा उकरून वाटीवाटीने हंडा भरायची, ते आम्हां दोघांनाही आठवले असणार. आम्ही बोललो नाही. हत्ती निघून गेले की त्याच खड्ड्यांवर इतर प्राणीही पाणी पितात, असे वाटाड्याने सांगितले. या भागातील वन्यजीवांवर स्थानिक लोकांना १९९६च्या कायद्याने अधिकार दिले आणि पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा गावांकडे येऊ लागला. हत्तींनी पाण्याच्या टाक्या फोडल्या, सिंहांनी जनावरे मारली, अशी नुकसाने तेथील माणसे सोसतात, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय या प्रवासाचे कौतुक करू नये असे माझे मत झाले आहे.

शेवटचा टप्पा कुनेने. नामिबियाच्या आत उगम पावून बारमाही वाहणारी एकही नदी नाही. बारमाही नद्या फक्त सीमांवर आहेत. त्यामुळे अंगोलाच्या हद्दीवर हे वाहते पाणी पाहताना दादाने हिशोब मांडला तो शेतकऱ्याचा: किती पाणी समुद्राला जाते आणि काठी पीक किती आहे.

खान्देशातून कोणी जाणार असेल, तर मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ निवडावा. मऊ पिशवीच घ्यावी, कारण चाकांची कडक बॅग विमानात चढू देत नाहीत. दुपारी तापलेल्या जमिनीवर विमानाला फार हिसके बसतात, म्हणून पहाटेच्या उड्डाणाचा आग्रह धरावा आणि न्याहारी बेताची करावी. आणि कुइसेब नदी घळईपासून समुद्रापर्यंत सलग पाहायची असेल, तर ते आदल्या संध्याकाळीच वैमानिकाला सांगावे. इंधनाचा हिशोब रात्री होतो आणि सकाळी मार्ग बदलता येत नाही.